नानांची कोठी

नागपुरात मे महिन्यात एसी कोणत्या खोलीत चालू आहे, यावरून त्या घरात कर्तं कोण ते ओळखावं. नानांकडे एसी माडीवरच्या लहान खोलीत आहे आणि त्या खोलीत कुणीही झोपत नाही. तिथं फ्लॉप्या असतात. नाना आणि काकू खाली कूलरसमोर; पारा ४५ च्या वर गेला की डोक्यावर ओला पंचा घेऊन कूलरसमोर. नव्या पाहुण्यानं न राहवून विचारलं, की एसी खाली आणून वर कूलर का नाही लावत, तर नाना त्याच्याकडे दयेनं बघतात.

"कूलर म्हणजे काय हो? ओल्या गवतातून आलेली हवा. ओल आली का बुरशी आली. फ्लॉपीला एकदा बुरशी धरली का कार्यक्रम आटोपला."

"आणि बायकोला धरली तर?" काकू आतून विचारतात. या प्रश्नाला नानांनी आजवर उत्तर दिलेलं नाही.

तसे नाना गल्लोगल्ली असतात. कुणी काडेपेट्यांची चित्रं जमवतो, कुणी बंद पडलेले रेडिओ, कुणी भोसलेकालीन नाणी. त्यांना समाजात मान आहे. वर्तमानपत्रात त्यांचा फोटो येतो, शाळेत प्रदर्शन भरतं. दगडधोंडे आणि पेंढा भरलेली जनावरं ठेवायला नागपुरात १८६३ पासून अजब बंगला आहे. नॅरोगेजच्या इंजिनालासुद्धा मोतीबागेत म्युझियम मिळालं. पण एखाद्यानं सांगितलं, की मी १९८९ सालचं हिशेबाचं सॉफ्टवेअर जपून राहिलो आहे, तर ऐकणारा आधी त्याच्या तब्येतीची चौकशी करतो. दाखवायचं म्हटलं तरी दाखवणार काय? काळी चौकोनी चकती. आत काय आहे ते दिसत नाही, वास येत नाही, वजन लागत नाही. नानांच्या वेडाला प्रेक्षक नाही आणि म्हणूनच ते इतकं शुद्ध राहिलं असावं.

नाना सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कार्यालयात नोकरीला होते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिथं संगणक आला. त्याच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत, हे सांगताना नानांचा आवाज अजून हळवा होतो. साहेबांनी विचारलं, "टायपिंग कुणाला येतं?" नानांनी हात वर केला आणि त्यांचं आयुष्य बदललं. वर्डस्टार, लोटस, डीबेस, नॉर्टन कमांडर आणि साहेब दौऱ्यावर गेले की प्रिन्स ऑफ पर्शिया.

आता एक नाजूक गोष्ट सांगायला हवी. नानांनी उभ्या आयुष्यात एकही सॉफ्टवेअर विकत घेतलेलं नाही. त्या काळी फारसं कुणी घेत नसे, हे त्यांचं म्हणणं खरं आहे, पण इतर लोक जरुरीपुरतं चोरायचे. नाना सगळं चोरायचे. कामाचं, बिनकामाचं, चालणारं, न चालणारं. ज्याचं कार्डच आपल्या मशीनमध्ये नाही ते, ज्याची भाषा जर्मन आहे तेही. धंतोलीत, रामदासपेठेत, इतवारीत कुणाकडे नवीन संगणक आला, की नाना अभिनंदन करायला जायचे आणि शबनममध्ये कोऱ्या फ्लॉप्यांचं खोकं असायचं. कॉपी होऊ नये म्हणून कंपन्या फ्लॉपीवर मुद्दाम वाकडे ट्रॅक लिहीत. नानांकडे ते वाकडे ट्रॅकही जसेच्या तसे उतरवणारा प्रोग्राम होता. अर्थात तोही चोरलेला.

मग १९९४ साली कॉपीराइट कायदा सुधारला. चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस कैद, अशी तरतूद त्यात आली. नानांनी ती बातमी वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली आणि त्या रात्री सगळी खोकी गव्हाच्या कोठीत रिकामी केली. वर कडुनिंबाचा पाला, त्यावर गहू. पोलीस काही आले नाहीत. नागपूरच्या पोलिसांना तेव्हा दुसरी कामं होती. पण नानांनी वर्षानुवर्षं कोठीला कुणाला हात लावू दिला नाही. काकू गहू किराणावाल्याकडून किलोनं आणत राहिल्या.

कोरडी जागा, अंधार, झाकण घट्ट, हात लावायला मनाई. जगातले अभिलेखागारवाले याच गोष्टी करायला सांगतात. फक्त पाल्याचं त्यांना सुचलेलं नाही. निवृत्तीनंतर नानांनी कोठी उपसली, तर बहुतेक फ्लॉप्या ठणठणीत. आणि ज्यांनी अस्सल माल पैसे मोजून घेतला होता, त्यांनी नवी आवृत्ती आल्यावर जुना डबा पुस्तिकेसकट कबाड्याला दिला होता. प्रामाणिक माणसाला पुरावा जपायची गरज पडत नाही. माझं स्पष्ट मत सांगतो: त्या काळातलं जे काही हिंदुस्थानात उरलं आहे, त्यात नानांसारख्या चोरांचा वाटा मोठा आहे.

नाना स्वतः मात्र आता कायद्याचे पक्के झाले आहेत. सॉफ्टवेअर कायदेशीर ताब्यात असलेल्यानं सुरक्षेसाठी एक प्रत काढली तर चालते, हे कलम ५२ मधलं पोटकलम त्यांना पाठ आहे. त्यातला 'कायदेशीर' हा शब्द ते हलक्या आवाजात म्हणतात. कंपनी बुडाली तरी तिचा कॉपीराइट बुडत नाही, म्हणून फ्लॉपीच्या लेबलवर जो पत्ता असेल त्यावर ते परवानगीसाठी रजिस्टर पत्र पाठवतात. पत्रं वापस येतात. कुठे आता मॉल आहे, कुठे लॉन. ती न फोडलेली पाकिटं त्यांनी फाइलला लावून ठेवली आहेत. "विचारलं होतं, याचा पुरावा," ते म्हणतात.

त्यांचा मुलगा हिंजवडीला आहे. तो दिवाळीत आला की समजावतो, "बाबा, हे सगळं इंटरनेट आर्काइव्हवर आहे. वर्डस्टार आहे, लोटस आहे, ब्राउजरमध्ये चालतं. तुम्ही कायले मेहनत करून राहिले?"

"लोटस आहे ना? असू दे. अमेरिकेचं अमेरिका पाहून घेईल," नाना म्हणतात. "कळमन्यातल्या आडत्यानं संत्र्याच्या हिशेबासाठी डीबेसमध्ये लिहून घेतलेला प्रोग्राम आहे का तुझ्या आर्काइव्हवर? पतसंस्थेचं व्याज काढणारा आहे? पत्रिका जुळवणारा? जिस्ट कार्डावर चालणारा?"

इथं मुलगा गप्प होतो आणि खरं तर आपणही व्हायला पाहिजे. डॉसच्या जमान्यात मराठी पडद्यावर आणायची, तर सीडॅकचं जिस्ट कार्ड संगणकात बसवावं लागे. मूळ काम आयआयटी कानपूरचं. पुढे ते पुण्याला सीडॅकमध्ये वाढलं. कार्ड बसवलं, की अमेरिकेनं इंग्रजीसाठी बनवलेल्या वर्डस्टारमध्ये देवनागरी उमटायची. ती पहिल्यांदा उमटताना बघायला नानांच्या कार्यालयात शिपायापासून साहेबापर्यंत सगळे जमले होते. साहेबांनी पहिला शब्द स्वतःचं नाव टाइप केला. शिपायानं 'श्री' लिहायला सांगितलं होतं. त्या कार्डावर कुणाकुणाच्या कचेऱ्यांत, दुकानांत, छापखान्यांत जे मराठी प्रोग्राम लिहिले गेले, ते कुठल्या परदेशी माणसानं जपायचे?

प्रिन्स ऑफ पर्शियाचं उदाहरण नाना नेमकं याच वेळी काढतात. १९८९ मध्ये आलेला तो खेळ लिहिणाऱ्या जॉर्डन मेकनरच्या हातून त्याचा मूळ सोर्स कोड हरवला होता. २०१२ साली त्याच्या वडिलांना घरातल्या कपाटात फ्लॉप्यांचं एक खोकं सापडलं, तेव्हा तो वाचला. "बाप असा पाहिजेन," नाना म्हणतात. मुलगा म्हणतो, "बाबा, पण त्याच्या पोरानं खेळ लिहिला होता." यावर दोघंही तर्री पोह्यांकडे वळतात.

माडीवरच्या खोलीत शिरायचं तर हात धुऊन, कोरडे करून, खिशातला मोबाइल खाली ठेवून. फ्रिजवर चिकटवायची चुंबकं या घरात कधी आली नाहीत. गणपतीच्या मंडळाला नाना दरवर्षी लेखी विनंती करतात, की डीजेची भिंत आमच्या घरापासून चार घरं पुढे लावावी, कारण स्पीकरमध्ये चुंबक असतं. एवढ्या अंतरावरून काही होत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. पण या निमित्तानं डीजे चार घरं पुढे जात असेल, तर शास्त्राशी इतकी तडजोड करायला ते तयार आहेत. चौथ्या घरच्यांना अजून कारण कळलेलं नाही.

कपाटात सगळ्यात खाली एक स्टीलचा डबा आहे. त्यावर लाल पट्टी आणि 'विषारी' अशी चिठ्ठी. त्यात व्हायरस आहेत. जपणाऱ्याला आवडनिवड चालत नाही, हा नानांचा सिद्धान्त. देवीचा जंतूसुद्धा प्रयोगशाळेत ठेवलाच आहे ना! या डब्यातला मानाचा रहिवासी म्हणजे जोशी. हा व्हायरस १९९० साली भारतातच पहिल्यांदा सापडला. फ्लॉपीच्या बूट सेक्टरमधून संगणकात शिरायचा, वर्षभर गुमान बसायचा आणि ५ जानेवारीला पडदा अडवून म्हणायचा, की 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करा. केलं की आपला मुकाट कामाला लागायचा. महाराष्ट्रात दर कचेरीत एक तरी जोशी असतोच, त्यामुळे त्या काळी किती निरपराध जोशींकडे संशयानं पाहिलं गेलं असेल! काकूंचं मत असं, की वाढदिवसाच्या शुभेच्छा अशा दटावून वसूल करणारा जोशी नागपूरचा असूच शकत नाही. तो पुण्याचाच.

दर ५ जानेवारीला नाना जुनं २८६ मशीन झटकतात, जोशीची फ्लॉपी घालतात, पडदा अडला की दोन बोटांनी शुभेच्छा टाइप करतात. वाढदिवस आहे म्हणून काकू शिरा करतात. शिरा मात्र उत्तम असतो.

आता नाना प्रत्यक्ष करतात काय ते सांगतो. फ्लॉपी हाती आली, की आधी तिचं लिहिणं बंद. सव्वापाच इंचीच्या कडेच्या खाचेवर काळी पट्टी, साडेतीन इंचीची खिडकी उघडी. मग दिव्याखाली तिरकी धरून पांढरे ठिपके आहेत का ते बघायचं. ठिपके म्हणजे बुरशी. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली, तर चुंबकीय थर खरवडला जातो, मळ वाचणाऱ्या हेडवर बसतो आणि पुढची धडधाकट फ्लॉपीही हेड सोलून काढतं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ फडकं. सव्वापाच इंची असेल तर पाकीट कापून आतली चकती बाहेर, पुसून, वाळवून, दुसऱ्या रिकाम्या पाकिटात. या वेळी नाना श्वास रोखून धरतात आणि बाकीच्यांनीही धरावा अशी अपेक्षा असते.

साडेतीन इंची फ्लॉपीत प्रत्येक बाजूला ८० ट्रॅक, ट्रॅकवर १८ सेक्टर, सेक्टरमध्ये ५१२ बाइट. दोन्ही बाजू मिळून १४,७४,५६० बाइट. आजच्या मोबाइलनं काढलेला एखादा फोटोसुद्धा तिच्यात सहसा मावणार नाही. त्या काळी पतसंस्थेचं वर्षाचं खातं मावायचं. साधा ड्राइव्ह हा जुन्या कारकुनासारखा असतो: अर्जात एक अक्षर चुकलं की सगळा अर्ज वापस. एक सेक्टर बिघडला की पडद्यावर 'अबॉर्ट, रिट्राय, फेल?' नानांनी आयुष्यात रिट्रायशिवाय दुसरं बटण दाबलेलं नाही. आता त्यांच्याकडे ग्रीजविझल नावाचं लहानसं कार्ड आहे. किअर फ्रेझर या गृहस्थानं ते बनवून सगळ्यांसाठी खुलं केलं. ते कार्ड सेक्टरबिक्टर विचारत बसत नाही. चकती मिनिटाला ३०० वेळा फिरत असताना तिच्यावरचं चुंबकत्व नेमकं कुठं कुठं पालटतं, तेवढं टिपून घेतं. अर्थ नंतर सावकाश लावायचा.

त्यातही एक मेख आहे. लिहिणाऱ्या ड्राइव्हचं हेड जरासं सरकलेलं असेल, तर त्यानं लिहिलेलं सरळ ड्राइव्हला धड वाचता येत नाही. तितक्याच वाकड्या ड्राइव्हचा शोध घ्यावा लागतो. म्हणून नाना पहाटे स्कूटर काढून कबाड्यांकडे जातात. तेही आता शहाणे झालेत. "नानाजी, ये अँटिक है," म्हणत ड्राइव्ह फडक्यात गुंडाळून ठेवतात. नानांकडे असे वाकडे ड्राइव्ह रांगेनं मांडलेले आहेत, कोणता कुणीकडे वाकडा त्याची चिठ्ठी लावून.

"वाकड्याला वाकडंच समजतं," काकू म्हणतात. "नाहीतर हा संसार झाला असता का?"

मागच्या उन्हाळ्यात महालातले एक प्रेसवाले आले. त्यांनी १९९६ साली आमच्या कॉलनीच्या सोसायटीची स्मरणिका छापली होती. छापील प्रती वाळवीनं खाल्ल्या, फ्लॉपी तेवढी राहिली. नानांनी ती पुसली, वाचली, फाइल काढली. उघडली तर डॉलरची चिन्हं, कंस, उलटी प्रश्नचिन्हं आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी.

"मराठीच आहे ही," नाना आनंदानं म्हणाले.

१९९१ साली सरकारनं इस्की नावाचं प्रमाण ठरवलं होतं, त्यात 'क'चा आकडा सगळीकडे 'क'चाच. पण डीटीपीवाल्या फाँटांनी अक्षर न साठवता त्याचा आकार साठवला, तोही इंग्रजी अक्षरांच्या जागी आणि प्रत्येक कंपनीनं आपापल्या मर्जीनं. फाँट गेला की मजकूर गेला. नाना याला सकळ लिपी म्हणतात, आणि विदर्भातल्या माणसाला ते पटतं. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत शतकानुशतकं झाकून ठेवले. किल्ली मिळाली म्हणून मराठीला आपलं सगळ्यात जुनं गद्य हाती लागलं आणि नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले वि. भि. कोलते १९७८ साली 'लीळाचरित्र' संपादून देऊ शकले. महानुभावांनी निदान जाणूनबुजून झाकलं होतं. आपण नव्वदच्या दशकातलं गाठोडंभर मराठी लग्नपत्रिका छापता छापता झाकून बसलो.

किल्ली म्हणजे इथं त्या फाँटचं पॅकेज. प्रेसवाल्यांकडे ते अस्सल होतं, पावतीसकट. पण त्या पॅकेजसोबत प्रिंटरच्या पोर्टला लावायचं लॉक येत असे. ते लावल्याशिवाय अक्षर उमटत नसे. ते लॉक हरवलं, म्हणून अस्सल पॅकेज बंद. नानांकडच्या प्रतीचं लॉक १९९५ सालीच कुणीतरी तोडलेलं, म्हणून ती चालू. प्रेसवाल्यांनी नानांकडे बघितलं. नानांनी पंख्याकडे बघितलं.

स्मरणिका उघडली. अध्यक्षांचं मनोगत, बर्डीवरच्या साडीच्या दुकानाची जाहिरात, दिवंगत सभासद. इथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण डॉसमध्ये फाइल पुसली, म्हणजे यादीतल्या तिच्या नावाचं पहिलं अक्षर जातं आणि तिची जागा मोकळी धरली जाते. मजकूर वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जागेवरच असतो. फ्लॉपीवर अशी एक पुसलेली फाइल होती. नावाचं उरलेलं शेपूट पाहून नानांनी पुढे 'के' लावला. 'काकी' अशी फाइल तयार झाली. उघडल्यावर समजलं, की 'बी' लावायला पाहिजे होता. स्मरणिकेच्या शेवटी छापायची म्हणून केलेली आणि कुणीतरी शहाणपणानं काढलेली थकलेल्या वर्गणीची ती यादी होती. तिसऱ्या क्रमांकावर नाना. बाकी १५१ रुपये.

दुसरा कुणी असता तर त्यानं डिलीटचं बटण दाबलं असतं. नानांनी नियमाप्रमाणे तिच्या तीन प्रती केल्या, बरोबर उतरल्या की नाही ते पडताळून पाहिलं, एक प्रत माडीवर, एक बँकेच्या लॉकरमध्ये, एक हिंजवडीला पाठवली. मग स्वतः जाऊन सोसायटीच्या त्या वेळच्या खजिनदारांना सांगून आले. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत, ऐकू कमी येतं, पण हे त्यांना स्वच्छ ऐकू आलं. ते व्याज मागताहेत. व्याजाचा आकडा नानांच्याच कपाटातल्या पतसंस्थेच्या प्रोग्रामवर काढून मिळावा, असाही त्यांचा आग्रह आहे.

"मी तेव्हाच भरले होते," नाना सगळ्यांना सांगतात. "पावती शोधून राहिलो आहे." पावती कागदाची होती. कागद नाना जपत नाहीत.

मध्ये जून २०२४ अखेर जपानच्या सरकारनं आपल्या कारभारातून फ्लॉपी हद्दपार केली आणि तिथल्या मंत्र्यानं फ्लॉपीविरुद्धचं युद्ध जिंकल्याचं जाहीर केलं. सोनीनं फ्लॉप्या बनवणं २०११ मध्येच थांबवलं होतं, तेव्हा नाना एक वेळ जेवले नव्हते. जपानच्या बातमीला ते जेवले, पण बोलले नाहीत. संध्याकाळी फुटाळ्यावर फिरताना एवढंच म्हणाले, "त्यायच्या कपाटात उरल्या असतील त्या कुठं टाकून राहिले, काही लिहिलं आहे का?"

तर वाचकहो, तुमच्या माळ्यावर, आजोबांच्या टेबलाच्या खणात, बंद पडलेल्या प्रेसमध्ये फ्लॉप्या असतील, तर त्या चालतात का हे बघायला जुन्या ड्राइव्हमध्ये घालू नका. उन्हात वाळवू नका, कूलरजवळ ठेवू नका, लेबल सोलू नका, कबाड्याला देऊ नका. कुणाच्या होत्या आणि आत काय असावं, ते चिठ्ठीवर लिहून कोरड्या डब्यात ठेवा आणि तुमच्या गावातल्या नानांना गाठा. आणि १९९६ सालची १५१ रुपयांची पावती कुणाला सापडली, तर ती मात्र लगेच आमच्याकडे पाठवा. व्याज चालू आहे.